रेकॉर्ड केलेल्या स्क्रिप्टने पाठवलेले जुने गर्बर: कोकणातील एका पीसीबी डिझाइन केंद्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील छापील सर्किट बोर्ड, डिझाइन करणाऱ्या चार माणसांच्या छोट्या केंद्राचे आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि ग्राहकांचे तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच दिला आहे. घटनेनंतर कारणे शोधण्यासाठी मला बोलावण्यात आले होते, त्यामुळे पुढील मजकुराचा बराच भाग मी स्वतः पाहिलेल्या फाइलींवर आणि उरलेला त्या चौघांच्या सांगण्यावर आधारलेला आहे.

केंद्राचे मालक पुण्यात काही वर्षे नोकरी करून गावी परतलेले अभियंते होते. त्यांच्यासोबत एक ज्येष्ठ डिझायनर होत्या, ज्यांना सगळे ताई म्हणत. शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आलेला एक कनिष्ठ डिझायनर होता आणि जुळणीच्या टेबलावर अनेक वर्षे काढलेल्या एक मावशी होत्या. काम मुख्यतः नियंत्रक बोर्डांचे होते: काजू प्रक्रिया उद्योगांतील ड्रायर, पंपांचे स्टार्टर आणि बंदरालगतच्या बर्फाच्या कारखान्यांतील कॉम्प्रेसर. खाऱ्या हवेमुळे प्रत्येक बोर्डावर संरक्षक लेप द्यावा लागे आणि 230 व्होल्ट वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे लागे.

बर्फाच्या कारखान्यांचे वेळापत्रक मासेमारीशी बांधलेले असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते आणि याच दोन महिन्यांत कारखानदार आपली यंत्रे उघडून दुरुस्त करून घेतात. होड्या बाहेर पडण्याच्या वेळी बर्फ तयार नसेल तर त्या हंगामाची सुरुवातच हातची जाते. त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या केंद्रावर जो ताण येई तो वर्षभरात इतर कधीही येत नसे.

अडचण

बोर्डाचे डिझाइन केडन्स कंपनीच्या ॲलेग्रो कुळातील पीसीबी एडिटर या संगणक कार्यक्रमात होत असे. डिझाइन संपले की कारखान्याला पाठवण्यासाठी फाइलींचा संच काढावा लागे. त्यात तांब्याच्या प्रत्येक थराचे गर्बर (त्या थराचे चित्र कारखान्याला देणारी फाइल), सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर), सिल्कस्क्रीन (बोर्डावर छापलेली अक्षरे व चिन्हे), पेस्ट (सोल्डर पेस्ट लावायच्या जागा), बोर्डाची बाह्यरेषा, ड्रिल फाइल (भोकांच्या जागा), ड्रिलचा तक्ता आणि घटकांच्या जागांची यादी असे. यातले प्रत्येक पाऊल वेगवेगळ्या फॉर्ममध्ये दडलेले असल्याने एका बोर्डाला पाऊण तास सहज जात असे, आणि ग्राहकाने शेवटच्या क्षणी एक रोधक बदलला तरी सगळे पुन्हा करावे लागे.

वेळेपेक्षाही विसरण्याचा त्रास मोठा होता. एकदा पेस्टची फिल्म, म्हणजे त्या थराची गर्बर फाइल, राहून गेली. एकदा सिल्कस्क्रीनवरची डायोडांची ध्रुवता दाखवणारी चिन्हे उमटलीच नाहीत, कारण त्या रेषांना रुंदी दिलेली नव्हती आणि फिल्मच्या फॉर्ममधील 'अनडिफाइन्ड लाइन विड्थ' ही किंमत शून्य राहिली होती. शून्य रुंदीची रेषा पडद्यावर दिसते, पण गर्बरमध्ये येत नाही. अशा चुका महागड्या नव्हत्या, मात्र प्रत्येक वेळी कारखान्याचा फोन येई आणि एक दिवस वाया जाई.

विचारात घेतलेले पर्याय

कनिष्ठ डिझायनरने सुचवले की या कार्यक्रमात स्क्रिप्ट रेकॉर्ड करण्याची सोय आहे, ती वापरावी. नोंद सुरू करायची, एकदा सगळे काम हाताने करायचे, नोंद थांबवायची आणि पुढच्या वेळी तीच फाइल 'रिप्ले' करायची. नोंदलेली फाइल साधा मजकूर असते: कोणती खिडकी समोर आहे, कोणत्या फॉर्ममधील कोणते बटण दाबले, माऊसने कोणत्या बिंदूवर टिचकी मारली आणि मध्येच उघडलेल्या प्रश्नाला काय उत्तर दिले, हे सर्व ओळीने त्यात येते.

दुसरा पर्याय ॲलेग्रोच्या स्किल या भाषेत खरा प्रोग्राम लिहिण्याचा होता. स्किलमध्ये बोर्डाच्या माहितीला थेट प्रश्न विचारता येतात, जे नोंदलेल्या स्क्रिप्टला जमत नाही. परंतु ती भाषा केंद्रात कोणालाच येत नव्हती आणि हाताशी असलेल्या परवान्यात तिचा किती भाग चालेल याचीही मालकांना खात्री नव्हती. तिसरा पर्याय पाऊल-यादीचा कागद भिंतीवर लावून प्रत्येक पावलापुढे खूण करण्याचा होता. ताईंचा कल या कागदाकडे होता. त्यांचे म्हणणे असे की स्क्रिप्ट काय करते आहे हे दिसत नाही, कागदावर निदान खूण कोणी केली ते कळते.

मालकांनी रेकॉर्डिंगची निवड केली. कारण साधे होते: त्याला पैसे लागत नव्हते, शिकणे लागत नव्हते आणि एका दुपारी ते होऊन गेले असते. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. कागदाचा पर्याय त्यासोबतच सोडून दिला गेला, ही मात्र चूक होती. तो स्क्रिप्टचा प्रतिस्पर्धी नव्हता, पण चर्चेत तसा उभा केला गेला आणि हरला.

अंमलबजावणी आणि पहिला खटका

स्क्रिप्ट ज्या बोर्डावर नोंदवली तो पंपाच्या स्टार्टरचा, दोन थरांचा, मिल (इंचाचा हजारावा भाग) या एककात आखलेला बोर्ड होता. नोंद करताना डिझायनरने चारदा झूम केले, दोनदा रंगांचा फॉर्म उघडून बंद केला आणि एकदा चुकीचे बटण दाबून माघार घेतली. हे सगळे इमानदारीने फाइलीत उतरले. शेवटी त्याने विंडोजची एक छोटी बॅच फाइल (एकामागून एक आज्ञा चालवणारी फाइल) लिहिली, जी स्क्रिप्ट चालवी, निर्गत फोल्डरची, म्हणजे तयार फाइली पडतात त्या फोल्डरची, झिप बनवी आणि पडद्यावर 'फाइली तयार आहेत' असे दाखवी.

पहिले काही आठवडे उत्तम गेले. पाऊण तासाचे काम दोन मिनिटांवर आले.

मग एका ग्राहकाने मिलिमीटरमध्ये आखलेला बोर्ड दिला. त्यावर स्क्रिप्ट चालली, झिप झाली, संदेशही आला. पण ड्रिलचा तक्ता कुठेच नव्हता. कारण शोधणे सोपे गेले. नोंदलेल्या टिचकीत निर्देशांक असतात, पण त्यांचे एकक नसते. ते चालू बोर्डाच्या एककातच वाचले जातात. मिलच्या बोर्डावर उजवीकडे 6500 मिल, म्हणजे सुमारे 165 मिलिमीटरवर ठेवलेला तक्ता आता साडेसहा मीटर दूर ठेवायला सांगितला जात होता. आरेखनाच्या हद्दीबाहेरचा बिंदू म्हणून कार्यक्रमाने तो नाकारला आणि पुढच्या ओळीवर गेला.

हा या प्रकरणातील पहिला खरा निर्णयबिंदू होता, आणि तो निर्णयबिंदू आहे हे त्या वेळी कोणाच्याही लक्षात आले नाही. समोर दोन गोष्टी आल्या होत्या. एक म्हणजे एककाचा गोंधळ. दुसरी म्हणजे मधले पाऊल फसले तरी स्क्रिप्ट थांबत नाही आणि बॅच फाइल तरीही 'तयार' म्हणते. पहिली दुरुस्त झाली, तीही मिलसाठी एक आणि मिलिमीटरसाठी एक अशा दोन प्रती करून. दुसरी कोणी लिहूनही ठेवली नाही. दुरुस्तीमुळे उलट विश्वास वाढला, कारण सगळ्यांना वाटले की स्क्रिप्टमधला दोष सापडला आणि गेला.

जुलैमधील घटना

2024 च्या जुलैत बर्फाच्या एका कारखान्यासाठी कॉम्प्रेसर नियंत्रकाचे पन्नास बोर्ड करायचे होते. डिझाइनची ब आवृत्ती आधीच काढून ठेवलेली होती. पेटीचा साचा बदलल्यामुळे क आवृत्तीत स्क्रूची दोन भोके सहा मिलिमीटर आत सरकवावी लागली आणि त्यांना वाट देण्यासाठी रिलेच्या 230 व्होल्टच्या पट्ट्या वळवाव्या लागल्या. ताईंनी हे काम एका संध्याकाळी केले, बोर्ड जतन केला आणि सकाळी कनिष्ठ डिझायनरने बॅच फाइल चालवली. नेहमीचा संदेश आला. झिप कारखान्याकडे गेली.

बोर्ड आले तेव्हा ते दिसायला निर्दोष होते. सहा-सात बोर्डांची जुळणी झाल्यावर मावशींनी मालकांना हाक मारली: "दादा, हा स्क्रू पट्टीवर बसतोय. चालेल ना?"

चालण्यासारखे नव्हते. नव्या जागचे भोक जुन्या वळणाच्या पट्टीची कड खाऊन गेले होते आणि धातूच्या स्क्रूचे डोके थेट 230 व्होल्टच्या तांब्यावर टेकत होते. बोर्डाला भोके क आवृत्तीची होती आणि तांबे ब आवृत्तीचे.

त्या दुपारी दुसरा निर्णय घ्यावा लागला. हंगाम सुरू व्हायला अकरा दिवस उरले होते. नायलॉनचा वॉशर घालून, कातरलेल्या पट्टीवर वरून तार जोडून बोर्ड वापरता येतील, असे मालकांना वाटले. हाताशी असलेल्या वेळेत तोच एक मार्ग दिसत होता. ताईंनी विरोध केला. बर्फाच्या कारखान्यात पेटीच्या आत दव धरते, हवेत मीठ असते, आणि अशा जागी विद्युतरोधनाचे अंतर एका वॉशरच्या भरवशावर सोडणे त्यांना मान्य नव्हते. शिवाय पेटीला हात लावणारा माणूस ओल्या फरशीवर उभा असतो. मालकांनी अर्धा तास हिशेब केला आणि बोर्ड नव्याने करून घेण्याचे ठरवले, तेही जलद सेवेचे जादा पैसे स्वतः सोसून. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय मी यालाच म्हणेन, आणि त्याचा स्क्रिप्टशी काही संबंध नाही.

कारणांचा शोध

मी पोहोचलो तेव्हा सर्वांचा संशय मिल-मिलिमीटरच्या दोन प्रतींवर होता. तो चुकीचा निघाला. उत्तर दोन फाइलींत होते.

पहिली जर्नल फाइल. ॲलेग्रो उघडल्यापासून दिलेली प्रत्येक आज्ञा आणि आलेला प्रत्येक संदेश ती कामाच्या फोल्डरमध्ये लिहीत जाते, आणि त्यात आज्ञा, माहिती, इशारा व चूक यांच्या ओळींना वेगवेगळी अक्षरचिन्हे असतात. कार्यक्रम पुन्हा उघडला की नवी जर्नल सुरू होते आणि जुनीच्या नावापुढे आकडा लागतो, त्यामुळे ती फार दिवस हाती राहत नाही. येथे प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र फोल्डर असल्याने त्या सकाळची नोंद सुदैवाने वाचली होती. दुसरी फाइल म्हणजे गर्बर काढताना तयार होणारी फोटोप्लॉट लॉग.

या दोन्हींवरून जे कळले ते असे. क आवृत्तीवर काम करताना ताईंनी तांब्याच्या मोठ्या भरावांचे, म्हणजे डायनॅमिक शेपचे, आपोआप भरणे बंद केले होते. पट्ट्या हलवताना भराव दर वेळी नव्याने काढला गेला की संगणक रेंगाळतो, म्हणून असे करणे ही अगदी रूढ सवय आहे. काम झाल्यावर तो पुन्हा 'स्मूथ' वर न्यायचा राहिला आणि भराव शिळे, म्हणजे पट्ट्या हलवण्यापूर्वीचेच, राहिले. शिळ्या भरावांसह गर्बर काढायला कार्यक्रम नकार देतो. फॉर्ममध्ये तसे बटणही उजळते. हाताने काम करणाऱ्या माणसाला ते दिसले असते. स्क्रिप्टला बटण दिसत नाही. तिने गर्बर काढण्याची आज्ञा दिली, ती नाकारली गेली आणि ती पुढे ड्रिलकडे वळली. ड्रिल फाइल काढताना भरावांची अट आड आली नाही, म्हणून ती नवी, बिनचूक निघाली.

फोल्डरमध्ये ब आवृत्तीचे गर्बर तसेच पडून होते. बॅच फाइलीने फोल्डरमध्ये जे होते त्याची झिप केली.

नोंदलेली स्क्रिप्ट आपण काय केले ते लक्षात ठेवते, कोणत्या स्थितीत केले ते नाही. नोंद केली तेव्हा भराव ताजे होते, एकक मिल होते, फोल्डर रिकामे होते आणि गर्बरचे स्वरूप ठरवणारी 'आर्ट पॅराम' ही छोटी फाइल त्याच फोल्डरमध्ये होती. यातली एकही गोष्ट स्क्रिप्टमध्ये लिहिलेली नव्हती आणि प्रत्येकीवर ती उभी होती. झूमचीही तीच गत: कोणत्या झूमला टिचकी किती अंतरातली वस्तू पकडेल याचा आकडा नोंदीत येतो, आणि त्याच ओळी दाट मांडणीच्या बोर्डावर शेजारची दुसरी वस्तू उचलू शकतात. या केंद्रात तसे घडले नाही, पण त्या ओळी फाइलीत होत्या.

कारखान्याकडे हे का पकडले गेले नाही, हा प्रश्न मालकांनी मला दोनदा विचारला. गर्बरसोबत आयपीसी-डी-356 या स्वरूपातील नेटलिस्ट फाइल, म्हणजे कोणता बिंदू कोणाशी जोडला आहे याची यादी, दिली असती, तर गर्बरमधून निघणारी जोडणी आणि डिझाइनमधील जोडणी ताडून पाहण्याची सोय कारखान्याला असती. ती फाइल पाठवलीच नव्हती, कारण कोणी मागितली नव्हती. भोक पट्टीला चाटून जाते आहे ही गोष्ट कारखान्याच्या तपासनिसाच्या नजरेत भरायला हवी होती, असे म्हणता येईल. परंतु ते डिझाइनच तसे असेल असे समजून तो पुढे गेला असेल तर त्याला फार दोष देता येत नाही.

दुसऱ्यांदा ठरवताना

आता पर्याय वेगळे होते. स्क्रिप्ट फेकून पुन्हा हाताने काम करावे, असे कनिष्ठ डिझायनरलाच वाटू लागले होते; त्याने चूक स्वतःची मानली होती. दुसरे टोक म्हणजे कायकॅड या दुसऱ्या पीसीबी डिझाइन कार्यक्रमाकडे जाणे. कायकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, गर्बर आणि ड्रिल खिडकी न उघडता थेट आज्ञेने काढता येतात आणि 2024 च्या आठव्या आवृत्तीत डिझाइन-नियमांची तपासणीही तशीच करता येते. तिथे टिचकीची नोंद नसते, आज्ञेला काय हवे ते लिहून द्यावे लागते. पण केंद्राचे जुने बोर्ड ॲलेग्रोच्या स्वरूपात होते आणि जुलैत घर बदलणे शक्य नव्हते.

मधला मार्ग निवडला गेला. नोंदलेली लांबलचक स्क्रिप्ट उघडून तिच्यातील झूमच्या, रंगांच्या आणि माघारीच्या ओळी काढल्या. उरलेल्या भागाचे चार तुकडे केले: भराव ताजे करणे, गर्बर, ड्रिल आणि याद्या. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर टीप लिहून तो कोणत्या स्थितीची अपेक्षा धरतो ते नोंदवले. 'आर्ट पॅराम' फाइलीची एकच प्रत स्क्रिप्टसोबत ठेवली, जी दर वेळी कामाच्या फोल्डरमध्ये टाकली जाते. तक्त्याच्या जागेसाठीची टिचकी काढून टाकली आणि तक्ता बोर्डाच्या मूळ नमुन्यातच कायमचा बसवला, त्यामुळे दोन प्रतींची गरज उरली नाही.

खरा बदल बॅच फाइलीत झाला. ती आता सुरुवातीलाच निर्गत फोल्डरला तारखेचे नाव देऊन बाजूला सारते आणि रिकामे फोल्डर घेऊन निघते. शेवटी ती फाइली मोजते, प्रत्येकीची वेळ बोर्ड जतन केल्याच्या वेळेनंतरची आहे का ते पाहते, लॉगमध्ये चूक किंवा इशाऱ्याची ओळ शोधते, आणि यातले काहीही बिनसले तर झिप बनवत नाही. 'फाइली तयार आहेत' ही ओळ काढून टाकली; त्याऐवजी प्रत्येक फाइलीचे नाव आणि वेळ छापली जाते. नेटलिस्टची फाइल संचात आली. झिप झाल्यावर ती दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून, डिझाइनच्या कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या गर्बर दर्शकात तांब्यावर ड्रिल ठेवून एका माणसाने पाहायचे आणि कागदावर सही करायची, हेही ठरले. ताईंचा कागद अशा रीतीने परत आला.

परिणाम

नवे बोर्ड 29 जुलैला हाती आले. मावशी आणि कनिष्ठ डिझायनर यांनी दोन रात्री जागून अठरा नियंत्रक वेळेत दिले. उरलेले पुढच्या आठवड्यात गेले. पहिल्या अठरांवर कारखान्याचे मुख्य कॉम्प्रेसर चालू झाल्याने बर्फ थांबला नाही. ग्राहकाला खरे कारण सांगण्यात आले आणि काम टिकले. जुने पन्नास बोर्ड भंगारात गेले, त्यातला एक मालकांच्या टेबलावर आहे.

नव्या बॅच फाइलीने पुढील काही महिन्यांत तीनदा झिप नाकारली. दोनदा कारण पुन्हा शिळे भरावच होते. तिसऱ्यांदा वीज जाऊन काम मध्येच तुटले होते आणि अर्धेच गर्बर निघाले होते. जुन्या व्यवस्थेत तेही पाठवले गेले असते.

वेगळे काय करता आले असते

ड्रिलचा तक्ता हरवला त्याच दिवशी 'स्क्रिप्ट चुकीवर थांबते का' हा प्रश्न कोणी विचारला असता, तर जुलैची घटना घडली नसती असे मला वाटते. तो प्रश्न विचारायला ॲलेग्रोचे ज्ञान लागत नव्हते. मुद्दाम एक मोडका बोर्ड देऊन स्क्रिप्ट चालवून पाहणे एवढेच पुरेसे होते, आणि आता दर वेळी स्क्रिप्ट बदलली की कनिष्ठ डिझायनर तसे करतो: भराव बंद केलेला एक बोर्ड त्याने खास यासाठी राखून ठेवला आहे.

रेकॉर्डिंग मसुदा म्हणून वापरायला हवे होते. फॉर्ममधल्या बटणांची आज्ञेतील नावे कळण्यासाठी त्याच्यासारखे सोयीचे दुसरे साधन नाही. पण नोंद संपताच फाइल उघडून ओळ न् ओळ वाचायची आणि समजली नाही ती ओळ ठेवायची नाही, हे पहिल्याच दिवशी जमले असते. ती फाइल चार महिन्यांत कोणी उघडलीच नव्हती.

एका मुद्द्यावर अजून एकमत नाही. तांब्यावर ड्रिल ठेवून पाहण्याचे कामही प्रोग्रामकडे द्यावे, भोकापासून तांब्यापर्यंतचे अंतर गर्बरमधून मोजता येते, असे मालकांचे म्हणणे आहे. ताईंना ते मान्य नाही. नवीन बोर्ड आता कायकॅडमध्ये सुरू होतात आणि तिथे अंतराची तपासणी आज्ञेनेच होते, तरी झिप उघडून बघणे आणि कागदावर सही करणे त्यांनी सोडलेले नाही, आणि मालकांनीही तो कागद भिंतीवरून काढायला सांगितलेले नाही.